एनपीच्या प्रॅक्टिसचे नियम: पेशंटची काळजी नेमकी कुठे अडते?

(एक चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सीमोल्लंघन

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरला (एनपीला), म्हणजे निदान आणि औषधोपचार करण्याचं पुढचं शिक्षण घेतलेल्या नर्सला, काय करता येतं ते राज्यागणिक बदलतं. फुल (पूर्ण स्वातंत्र्य), रिड्यूस्ड (काही कामांना डॉक्टरशी करार) आणि रिस्ट्रिक्टेड (डॉक्टरची देखरेख सक्तीची) हे राज्यांचे तीन गट माहीत आहेत, नकाशेही भरपूर पाहून झालेत. मला त्यापुढचं हवं आहे.

ॲरिझोनात स्वतंत्रपणे पेशंट पाहणारी फॅमिली एनपी (सर्व वयांच्या पेशंटची प्राथमिक काळजी घेणारी) टेक्सासमधल्या बाह्यरुग्ण क्लिनिकमध्ये रुजू झाली असं समजा. शिक्षण तेच, राष्ट्रीय सर्टिफिकेशन तेच. समोर बसलेल्या पेशंटच्या बाबतीत काय बदलतं? कोणतं औषध लिहिता येत नाही, कोणती सही चालत नाही, आणि डॉक्टरची देखरेख म्हणजे प्रत्यक्षात किती? आणि त्या देखरेखीने पेशंट खरंच जास्त सुरक्षित होतो याला काही पुरावा आहे का?

केसपेपर

आधी टेक्सास. तिथे निदान करणं आणि औषध लिहिणं ही डॉक्टरने सोपवलेली वैद्यकीय कृती मानली जाते. त्यामुळे परवाना हातात असला तरी डॉक्टरशी लेखी करार असल्याशिवाय पहिली चिठ्ठीही लिहिता येत नाही. कराराची आजची चौकट २०१३च्या एसबी ४०६ या कायद्याने आली. एका डॉक्टरला पूर्णवेळ कामाच्या हिशोबाने सात जणांपर्यंत असे करार करता येतात आणि त्या सातांत फिजिशियन असिस्टंटही (डॉक्टरच्या देखरेखीखाली उपचार करणारे) मोजले जातात. रुग्णालयं आणि वंचित लोकसंख्येसाठीची केंद्रं या मर्यादेतून वगळलेली आहेत.

डॉक्टर त्याच इमारतीत असायला हवा असं मात्र कायदा म्हणत नाही. करारात कोणत्या प्रकारची औषधं लिहायची आणि कोणती नाही, सल्ला कधी घ्यायचा, पेशंट पुढे कधी पाठवायचा, तातडीच्या वेळी काय, डॉक्टर उपलब्ध नसेल तर पर्यायी कोण, हे सगळं असावं लागतं. त्याशिवाय गुणवत्ता तपासणीची योजना: काही केसपेपर डॉक्टरने वाचायचे आणि महिन्यातून किमान एकदा बैठक. किती केसपेपर, ते दोघांनी ठरवायचं. इथेच देखरेख खरी आहे की नावापुरती, ते ठरतं. एखादा डॉक्टर गुंतागुंतीचे केसपेपर निवडून मागतो, नवीन मधुमेही, न आटोक्यात येणारा रक्तदाब, दोनदा परत आलेला पेशंट. दुसरा सर्दी-खोकल्याच्या वीस कागदांवर सही करतो. कायद्याच्या दृष्टीने दोघांनीही काम केलेलं असतं.

आता औषधं. गैरवापराचा धोका असलेल्या नियंत्रित औषधांचे केंद्राने गट (शेड्यूल) केले आहेत, आकडा लहान तितका आवर कडक. शेड्यूल तीन ते पाचची औषधं रिफिल (त्याच चिठ्ठीवर पुन्हा घेतलेलं औषध) धरून ९० दिवसांपर्यंतच लिहिता येतात. त्यापुढे डॉक्टरशी बोलून तशी नोंद करावी लागते. दोन वर्षांखालच्या बाळाला यातलं काही द्यायचं तरी तेच. शेड्यूल दोनची औषधं बाह्यरुग्ण क्लिनिकमधून लिहिताच येत नाहीत. ती रुग्णालयात २४ तास किंवा जास्त राहणं अपेक्षित असलेल्या पेशंटला, इमर्जन्सी विभागातल्या पेशंटला आणि हॉस्पिसमधल्या (आयुष्याच्या अखेरच्या काळातली काळजी घेणाऱ्या सेवेतल्या) पेशंटलाच.

याचा सर्वात मोठा फटका एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांना बसतो. त्यावरची मिथाइलफेनिडेट आणि ॲम्फेटामिन ही दोन्ही औषधं शेड्यूल दोनमध्ये आहेत. ॲरिझोनातली फॅमिली एनपी निदान करते, डोस हळूहळू वाढवते, वजन, झोप, भूक आणि रक्तदाब पाहते आणि चिठ्ठी स्वतः लिहिते. टेक्सासमध्ये बाकी सगळं तीच करणार, चिठ्ठी डॉक्टरची. शेड्यूल दोनला रिफिल नसते, म्हणजे दर वेळी नवी चिठ्ठी. डॉक्टर रजेवर असेल तर मूल गोळीविना शाळेत जातं. कर्करोगाच्या वेदनांवर उपचार चालू आहेत पण हॉस्पिस घेतलेलं नाही, अशा पेशंटचंही तेच होतं.

आणखी एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. हायड्रोकोडोन या ओपिऑइडची (अफूच्या वर्गातल्या वेदनाशामकाची) संयुक्त औषधं ऑक्टोबर २०१४ पर्यंत शेड्यूल तीनमध्ये होती, मग केंद्राने ती दोनमध्ये हलवली. टेक्सासच्या बाह्यरुग्ण क्लिनिकमधल्या एनपी ती आदल्या दिवशीपर्यंत लिहीत होत्या आणि दुसऱ्या दिवशी लिहू शकत नव्हत्या. ओपिऑइडचा आवर हवाच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण एनपीच्या कौशल्याबद्दल नवीन काही कळल्यामुळे हा बदल झाला नव्हता. राज्याचा जुना नियम आणि केंद्राची नवी यादी एकत्र आली, एवढंच.

औषधवही

फार्मसीच्या काउंटरवरून यात भर घालते. टेक्सासमध्ये एनपीच्या चिठ्ठीवर करार केलेल्या डॉक्टरचं नाव, पत्ता आणि फोनही लागतो. नव्या जागी रुजू झालेल्या एनपीच्या ई-प्रिस्क्रिप्शनमध्ये हा रकाना रिकामा राहणं, किंवा त्यात मागच्या क्लिनिकच्या डॉक्टरचं नाव तसंच असणं, हे फार वेळा होतं. मग आम्ही फोन करतो, क्लिनिक बंद झालेलं असतं आणि इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी सोमवारवर जाते. रुजू होण्याआधी सॉफ्टवेअरमधून एक चाचणी चिठ्ठी छापून सगळे रकाने डोळ्यांनी तपासा.

डीईए क्रमांकाचंही सांगते, म्हणजे नियंत्रित औषधं लिहिण्यासाठी केंद्राच्या अंमली पदार्थविरोधी यंत्रणेकडे करायच्या नोंदणीचं. एनपीच्या क्रमांकाचं पहिलं अक्षर एम असतं आणि नोंदणी राज्यनिहाय असते. ॲरिझोनाच्या पत्त्यावरची नोंदणी घेऊन टेक्सासमध्ये नियंत्रित औषध लिहिता येत नाही. राज्याचा परवाना आणि करार आधी, डीईएचा बदल मग. हा क्रम उलटा केला की अर्ज परत येतो.

ओपिऑइडच्या व्यसनावरच्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाबद्दल मात्र अजून जुनी समजूत टिकून आहे. आधी त्यासाठी एक्स-वेव्हर ही वेगळी परवानगी लागायची आणि एनपीला २४ तासांचं प्रशिक्षण. डिसेंबर २०२२च्या कायद्याने ती वेव्हर रद्द झाली. आता डीईए नोंदणी करताना किंवा नव्याने वाढवताना व्यसनोपचाराचं आठ तासांचं प्रशिक्षण एकदाच दाखवायचं. ब्युप्रेनॉर्फिन शेड्यूल तीनमध्ये आहे, म्हणजे टेक्सासमध्येही करारात त्याचा समावेश असेल तर एनपी ते लिहू शकते. करारात ‘ओपिऑइड वगळून’ असं सरसकट वाक्य टाकलेलं असतं आणि त्यात हे जीव वाचवणारं औषधही जातं. करार वाचताना हे वाक्य शोधाच.

तिसरी सही

राज्य बदललं तरी न बदलणारा थर मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी असलेल्या केंद्राच्या आरोग्यविम्याचा. फुल प्रॅक्टिसच्या राज्यातही एनपीची सही अडते ती बहुतेक इथेच.

घरपोच नर्सिंग सेवेसाठी २०२०च्या केअर्स कायद्यापासून एनपी प्रमाणपत्र देऊ शकते, राज्याचा कायदा आड येत नसेल तर. त्याआधी महिनोन्‌महिने पेशंट पाहणारी एनपी असली तरी कागद डॉक्टरकडे जायचा. समोरासमोरची भेट सेवा सुरू होण्याआधी ९० दिवसांत किंवा नंतर ३० दिवसांत हवी. ती भेट घरपोच सेवेच्याच कारणासाठी झाली हे नोंदीत दिसलं पाहिजे. ‘फॉलोअप, ठीक’ एवढंच लिहिलेलं असेल तर एजन्सीचा दावा फेटाळला जातो आणि पुढच्या वेळी ती एजन्सी तुमचे पेशंट घ्यायला कचरते.

हॉस्पिसमध्ये पेशंट एनपीला आपली अटेंडिंग (मुख्य उपचार करणारी) म्हणून निवडू शकतो. पण आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरलं आहे हे प्रमाणित करणं एनपीला मना आहे. ते डॉक्टरनेच करायचं. हॉस्पिस-लाभाच्या तिसऱ्या टप्प्यापासून लागणारी समोरासमोरची तपासणी हॉस्पिसची एनपी करू शकते. म्हणजे पेशंटला पाहणार ती, निष्कर्षाखाली सही दुसऱ्याची.

मधुमेहींच्या खास बुटांचं तर फार वाईट वाटतं. मेडिकेअरला एमडी किंवा डीओ पदवीच्या डॉक्टरचीच सही लागते. मधुमेह सांभाळणाऱ्या डॉक्टरची भेट बूट मिळण्याआधीच्या सहा महिन्यांतली आणि प्रमाणपत्र तीन महिन्यांतलं हवं. पेशंट एरवी एनपीकडेच जात असेल तर फक्त बुटांसाठी डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यावी लागते. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला दोन महिने जुनेच बूट घालायला लावणं म्हणजे जखमेला वाट करून देणं.

स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत (रुग्णालयानंतर नर्सिंगची काळजी देणाऱ्या निवासी केंद्रात) पहिली सर्वंकष तपासणी ३० दिवसांत डॉक्टरनेच करायची. पहिले ९० दिवस दर ३० दिवसांनी आणि नंतर दर ६० दिवसांनी लागणाऱ्या भेटींत मात्र डॉक्टर आणि एनपी आलटून-पालटून चालतात.

आता पैशाचा मुद्दा, कारण त्याचा काळजीवर थेट परिणाम होतो. एनपीने स्वतःच्या क्रमांकावर बिल केलं तर मेडिकेअर डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. ‘इन्सिडंट टू’ पद्धतीने डॉक्टरच्या नावावर केलं तर १०० टक्के. म्हणून क्लिनिकला दुसरी पद्धत आवडते. तिच्या अटी अशा: पेशंटला आधी डॉक्टरने पाहून उपचारांची योजना ठरवलेली हवी, डॉक्टरचा पुढेही सक्रिय सहभाग हवा आणि एनपी पाहत असताना त्याची थेट देखरेख हवी. नवीन पेशंट चालत नाही. जुन्या पेशंटचा नवीन त्रासही चालत नाही. मधुमेहाच्या तपासणीला आलेला पेशंट जाता जाता म्हणतो, ‘गुडघा फार दुखतोय’, आणि एनपी गुडघा तपासून उपचार ठरवते. ती भेट आता इन्सिडंट टू उरली नाही. तरी सवयीने डॉक्टरच्या नावावर बिल गेलं की जादा घेतलेली रक्कम परत करावी लागते आणि प्रकरण खोट्या दाव्यांच्या कायद्यापर्यंत जाऊ शकतं. दुसरी हानी सहसा कोणी मोजत नाही. पेशंट कोणी पाहिला हे नोंदीतून पुसलं जातं, आणि नंतर एनपीच्या कामाचे परिणाम तपासायला घेतले तर आकडे डॉक्टरच्या खात्यात सापडतात.

दुसरं मत

वरच्या तिन्ही प्रतिसादांतली माहिती बरोबर आहे. पण सूर असा लागतोय की नियम म्हणजे नुसता अडथळा. मला ते पटत नाही.

एनपीच्या कार्यक्रमांत थेट पेशंटसोबतच्या कामाचे किमान तास वर्षानुवर्षं ५०० होते. २०२२च्या राष्ट्रीय निकषांनी ते ७५० केले. रेसिडेन्सी (पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) केलेल्या डॉक्टरचे तास याच्या कित्येक पट असतात. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं कोणीतरी जवळ असावं ही अट मला रास्त वाटते, आणि बरीच राज्यं तिकडेच वळली आहेत. कॅलिफोर्नियात एबी ८९० या २०२०च्या कायद्याने दोन पायऱ्या केल्या: ४,६०० तास किंवा पूर्णवेळ तीन वर्षं झाल्यावर १०३ एनपी, जी किमान एक डॉक्टर असलेल्या गटात डॉक्टरसोबत आधी ठरवून लिहिलेल्या कार्यपद्धतीच्या बंधनाशिवाय काम करते; त्यावर आणखी तीन वर्षं काढल्यावर १०४ एनपी, जी स्वतःचं क्लिनिक काढू शकते. इलिनॉयमध्ये ४,००० तास आणि २५० तासांचं पुढचं शिक्षण. तिथे स्वतंत्र झाल्यावरही बेंझोडायझेपिन (चिंता-झोपेवरची औषधं) आणि शेड्यूल दोनचे ओपिऑइड लिहायला डॉक्टरशी सल्लामसलतीचं नातं नोंदवावं लागतं. फ्लोरिडात २०२०पासून ३,००० तासांनंतर स्वायत्तता मिळते, पण प्राथमिक काळजीपुरतीच.

पुराव्याचं म्हणाल तर फक्त गोड निष्कर्ष सांगू नयेत. व्हेटरन्स ॲफेअर्सच्या (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) इमर्जन्सी विभागांवरचा चॅन आणि चेन यांचा २०२२चा अभ्यास पाहा. एनपीने पाहिलेल्या पेशंटचा विभागातला मुक्काम सुमारे ११ टक्क्यांनी वाढला आणि ३० दिवसांतल्या टाळता येण्याजोग्या भरतीत सुमारे २० टक्के वाढ दिसली. केस जितकी गुंतागुंतीची, तितका फरक जास्त.

केसपेपर

दुसरं मत, हा अभ्यास मांडायलाच हवा होता, बरं झालं तुम्ही मांडलात. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्टही सांगायला हवी: एनपी-एनपींमधला आणि डॉक्टर-डॉक्टरांमधला फरक इतका मोठा आहे की दोन्ही गटांची कामगिरी बरीचशी एकमेकांत मिसळलेली दिसते. आणि तो इमर्जन्सी विभाग आहे. प्राथमिक काळजीत चित्र वेगळं आहे. २०००मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत १,३१६ पेशंट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे एनपी आणि डॉक्टरांमध्ये वाटले होते, आणि तिथल्या एनपींना डॉक्टरांइतकेच अधिकार होते. सहा महिन्यांनंतर मधुमेह, दमा आणि एकूण तब्येतीत फरक नव्हता. २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) १८ चाचण्या होत्या. परिणाम डॉक्टरांच्या तोडीचे किंवा किंचित बरे, पेशंट थोडे जास्त समाधानी, भेटीचा वेळ थोडा जास्त.

दोन्ही एकत्र वाचले तर मला एकच अर्थ लागतो. सुरक्षितता ठरते ती एनपीचं शिक्षण आणि समोरचा पेशंट यांचा मेळ आहे की नाही यावर, आणि गरज लागेल त्या क्षणी विचारायला कोणी आहे की नाही यावर. राज्याच्या करारातून यातलं पहिलं तपासलंच जात नाही. २००८च्या कन्सेन्सस मॉडेलने (एनपींचं शिक्षण आणि परवाने यांच्या राष्ट्रीय आराखड्याने) ते नीट मांडलं होतं: एनपीची कक्षा तिच्या लोकसंख्या-गटाने (ज्या पेशंटगटासाठी ती शिकली त्याने) ठरते, ती कोणत्या इमारतीत उभी आहे त्यावरून नाही. फॅमिली, प्रौढ-वृद्ध, बाल, नवजात, स्त्रीआरोग्य, मानसोपचार असे सहा गट. त्यांतल्या प्रौढ-वृद्ध आणि बाल या दोन्हींत प्राथमिक आणि तीव्र काळजी असे वेगळे फाटे.

तरी रुग्णालयं फॅमिली एनपींना आयसीयूत नेमतात. त्यांचं शिक्षण प्राथमिक काळजीचं, समोर व्हेंटिलेटरवरचा पेशंट. करार व्यवस्थित, डॉक्टरची सही व्यवस्थित आणि तरी पेशंट धोक्यात. तक्रार झाली तर नर्सिंग बोर्ड विचारतं, ‘हे तुम्ही कुठे शिकलात?’ मालकाने परवानगी दिली होती हे उत्तर तिथे चालत नाही. तुमच्या नव्या नोकरीत पेशंटचा वयोगट आणि आजारांची तीव्रता सर्टिफिकेटशी जुळते का, हे पगाराआधी विचारा.

अनुभवाच्या तासांच्या अटीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो वीस वर्षं काम केलेल्या एनपीवरही तोच करार कायमचा लादण्याला.

सीमोल्लंघन

सगळ्यांचे आभार, हेच हवं होतं. दोन उपप्रश्न. करार केलेला डॉक्टर मध्येच सोडून गेला तर पेशंटचं काय? आणि ॲरिझोनातले जुने पेशंट टेक्सासमध्ये बसून व्हिडिओवर पाहता येतील का?

तिसरी सही

पहिल्याचं उत्तर करारातच तयार असावं लागतं. डॉक्टर निवृत्त झाला, वारला, त्याच्या परवान्यावर कारवाई झाली किंवा तो नुसता नोकरी बदलून गेला, की त्या करारावरचा औषध लिहिण्याचा अधिकार त्याच दिवशी थांबतो. ग्रामीण क्लिनिकमध्ये हे झालं तर शेकडो पेशंटच्या रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या आणि फिट्सच्या गोळ्या एकदम अधांतरी होतात. फिट्सच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांना तर एक आठवडाही थांबता येत नाही.

म्हणून सही करण्याआधी या गोष्टी लिहून घ्या. सोडून जाण्याची लेखी सूचना किमान ६० दिवस आधी, जमल्यास ९०. पर्यायी डॉक्टरचं नाव ‘नंतर ठरवू’ असं न ठेवता आजच, त्याच्या सहीसकट. आणि त्याच्या सात जणांच्या मर्यादेत जागा शिल्लक आहे का तेही विचारून. डॉक्टर किती वेळात फोन घेईल त्याची मुदत. केसपेपर वाचण्याची पद्धत, संख्या आणि निवड कोण करणार ते. तुम्ही स्वतः मोबदला देऊन डॉक्टर शोधत असाल तर रक्कम किती काळ बदलणार नाही तेही, कारण डॉक्टरने ऐन वेळी दर वाढवला तर तुमच्या हातात नाही म्हणण्याचा पर्याय उरत नाही. दर महिन्याच्या बैठकीची तारीख, विषय आणि दोघांच्या सह्या एका वहीत. तपासणी आली की पहिल्यांदा तीच मागतात.

तरीही अचानक खंड पडलाच, तर त्याच दिवशी नियंत्रित औषधं, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं आणि फिट्सची औषधं घेणाऱ्यांची यादी काढायची आणि ते पेशंट आधी पर्यायी डॉक्टरकडे सोपवायचे. ‘जुन्या रिफिल चालतील’ असं गृहीत धरू नका, फार्मसीला फोन करून विचारा.

व्हिडिओसाठी नियम पेशंट बसलाय त्या राज्याचा. ॲरिझोनातल्या पेशंटसाठी ॲरिझोनाचा परवाना चालू ठेवावा लागेल. इथे बऱ्याच जणींचा गोंधळ होतो, कारण साध्या नर्सिंग परवान्याचं बहुराज्य कॉम्पॅक्ट (एका परवान्यावर अनेक राज्यांत काम करू देणारा राज्यांमधला करार) चालू आहे आणि ते एनपीच्या कामालाही लागू आहे असं वाटतं. लागू नाही. एनपींचं वेगळं कॉम्पॅक्ट सात राज्यांनी कायदा केल्यावर सुरू होणार आहे आणि तेवढी राज्यं अजून आलेली नाहीत. प्रत्येक व्हिडिओ भेटीच्या सुरुवातीला ‘आत्ता तुम्ही कोणत्या राज्यात आहात?’ हे विचारून नोंदवा. पेशंट मुलीकडे दुसऱ्या राज्यात गेलेला असतो आणि सांगायचं त्याच्या ध्यानातही येत नाही. व्यावसायिक विमा कंपनीकडून दोन्ही राज्यांबद्दल लेखी घ्या, आणि टेक्सास बोर्डालाही विचारून ठेवा.

औषधवही

व्हिडिओवरून नियंत्रित औषधं लिहायची असतील तर केंद्राच्या कोविडकाळातल्या सवलती मुदतवाढीवर चालत आल्या आहेत. लिहिण्याच्या दिवशी चालू तारीख पाहा. आणि ॲरिझोनातला डीईए क्रमांक बंद करण्याआधी तिथल्या कोणत्या पेशंटच्या नियंत्रित औषधांच्या चिठ्ठ्या अजून चालू आहेत ते पाहून घ्या.

विमा कंपन्यांच्या पॅनेलवर (मान्यताप्राप्त उपचारकांच्या यादीत) नाव यायला तीन-चार महिने सहज जातात. तोपर्यंत पेशंटची भेट विम्याबाहेरची धरली जाऊ शकते आणि बिल त्याच्या घरी जातं. रुजू होण्याची तारीख ठरवताना करार, परवाना आणि डीईएच्या बरोबरीने हेही धरा, आणि पहिल्या महिन्यांत कोणत्या विम्याचे पेशंट घेता येतील ती यादी रिसेप्शनवर द्या.